पिन ज्याची

"तू उघड, माझ्या हातात डबा आहे," दादा म्हणाला आणि त्यानं किल्ली पुढं केली. धाकट्या भावानं किल्ली घेतली, कुलूप काढलं, कोयंडा मागं टाकला आणि पत्र्याचं जड दार खांद्यानं ढकलत असताना त्याच्या लक्षात आलं, की दादाच्या हातात डबा नव्हता. काहीच नव्हतं. ज्या डाव्या हातानं दादा इतका वेळ किल्ली कुलपाच्या कडेवर, जिथं भोक नाही तिथं, टेकवत होता, तो हात मोकळा होता. उजवा नेहमीसारखा खिशात होता. दार रुळावर करकरत सरकलं, आतून रात्रभर कोंडलेला ग्रीसचा आणि जुन्या रबराचा वास बाहेर आला. रस्त्यावरून कामाला निघालेली माणसं नेहमीसारखी जात होती, समोरचा न्हावी दुकानापुढं पाणी मारत होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एक माणूस एक वाक्य बोलला होता, आणि ते वाक्य चुकीचं होतं, एवढंच. पण त्याला वाटलं, जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी असेल समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन निघावी, तसं काहीतरी झालं. दादा आत गेला, खुंटीवरचा कामाचा अंगरखा घेतला, तो नीट घातला, सगळी बटणं बरोबर लावली. धाकट्यानं ती बटणं मोजल्यासारखी पाहिली, आणि आपण पाहतोय याची त्याला लाज वाटली.

आत म्हैस उभी होती. म्हैस म्हणजे बस. पण बस म्हणून ती जन्माला आली नव्हती. सैन्यानं लिलावात काढलेल्या एका ट्रकच्या सांगाड्यावर कुणीतरी कधीकाळी बसचा सांगाडा चढवला होता, खिडक्या लावल्या होत्या, पिवळा रंग मारला होता, आणि दाराशी जिथं प्रवाशांचे हात घासून रंग गेला होता तिथं खालचा हिरवा अजून दिसत होता. नाक बसकं, चाकं कमरेएवढी, चढावर हुंकार असा की खालच्या वस्तीतल्या लोकांना घड्याळ लागत नसे. डोंगरावर धरणाच्या कामावरची वसाहत होती, तिथं जाणारा रस्ता असा, की साध्या बसेस पहिल्या दोन वळणांत दम टाकत. म्हणून शहरातल्या या एका गाळ्यात दोघे भाऊ अशा जुन्या लष्करी गाड्या जिवंत ठेवण्याचं काम करत आले होते. सुटे भाग कुठं मिळत नसत. एका मेलेल्या ट्रकचं काढून दुसऱ्याला लावायचं, नाहीतर लेथवाल्याकडून घडवून आणायचं. "आपण मेकॅनिक नाही," दादा म्हणायचा, "आपण सोयरिकी जुळवतो." या खेपेला म्हशीच्या पुढच्या चाकांचं काम होतं. दोन्ही चाकांना एकदम वळवणारा जो आडवा दांडा असतो, टाय रॉड, त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे झिजले होते. ते नवे बसवायचे, नट आवळायचे, नटाच्या खाचेतून आणि बोल्टाच्या भोकातून दोन पायांची पिन घालायची, पिनेचे पाय वाकवायचे, की नट फिरायचा नाही. काम तसं अवघड नव्हतं. पण यातला एक नट जरी वाटेत सुटला, तर ड्रायव्हरच्या हातात स्टीअरिंगचं चाक नुसतं फिरत राहतं आणि गाडी मात्र तिला वाटेल तिकडं जाते. आणि त्या रस्त्याला एका बाजूला डोंगर होता, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं.

हे काम दादाचं. स्टीअरिंग आणि ब्रेक दादाचे, इंजिन आणि गिअर धाकट्याचे, ही वाटणी कुणी केली नव्हती, ती पडत गेली होती. त्या दिवशीही दादा खाली खड्ड्यात उतरला, डाव्या चाकाकडचा सांधा त्यानं जेवणाआधी पुरा केला; वर इंजिनाच्या कामात असलेल्या धाकट्याला खालून दादाच्या पान्याचा आवाज येत होता, टक, ओढ, टक, ओढ, आणि त्या लयीत कुठं खंड नव्हता. तो कान देऊन ऐकत होता. पूर्वी तो आवाज त्याला ऐकूच येत नसे, स्वतःचा श्वास ऐकू येत नाही तसा. मध्येच त्याला वाटायचं, सकाळचं ते वाक्य म्हणजे दादाची थट्टा असेल. दादा तसा थट्टेखोर होता. नवीन ड्रायव्हरला हॉर्नमध्ये हवा भरून आणायला पाठवणारा माणूस. पण थट्टा केल्यावर दादा तोंडाकडे बघत राहायचा, समोरच्याचं हसू फुटेपर्यंत; आणि सकाळी तो तोंडाकडे बघत नव्हता, कुलपाकडे बघत होता.

जेवायला बसताना दादानं आजूबाजूला पाहिलं. "डबा घरीच राहिला वाटतं," तो सहज म्हणाला. धाकट्यानं आपला डबा मध्ये सरकवला. दोघं जेवले. म्हशीचा ड्रायव्हर डोकावला. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे. आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी बसून त्याचा आवाज तसाच ठरून गेला होता.

"काय दादा, व्याली का म्हैस?"

"गाभण आहे अजून. उद्या सकाळी ये. येताना हात धुऊन ये, बाळाला घ्यायचंय."

"परवापासून फेऱ्या आहेत बरं का. वरचे लोक मला शिव्या घालतायत. चालत उतरतात बिचारे."

"चालू दे की. पोट कमी होईल त्यांचं. तुझंही झालं असतं, पण तू बसून कमावतोस."

भोंगा हसत गेला. दादाही हसला. हा माणूस तोच होता, शब्दाला शब्द देणारा, आणि तरीही सकाळचं ते वाक्य होतंच. बिघडलेली मशीन बंद पडली तर बरं असतं, ती कुठं बिघडली ते शोधता येतं. मधूनच बिघडणारी, आणि आपण बघायला गेलो की नीट चालणारी मशीन म्हणजे सगळ्यात वाईट. असल्या बिघाडाला वस्ताद 'पाहुणा' म्हणायचे. पाहुणा आलाय, म्हणायचे, घरात आहे, पण दिसत नाही.

वस्ताद सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोघा भावांना त्यांनीच शिकवलं. आधी दादाला, मग पुष्कळ वर्षांनी त्याला, तोवर वस्तादांचे डोळे अधू झाले होते आणि ते बोटांनी नट चाचपून त्याचा आकार सांगत. त्यांचे नियम फार नव्हते. जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. पडलेली वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. आणि पिन ज्याची, गाडी त्याची. म्हणजे ज्यानं शेवटची पिन घातली, त्यानं गाडी रस्त्यावर नेताना पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. दुरुस्ती खरी की खोटी याची जबाबदारी अंगावर घेऊनच. या नियमाला एक शेपूट होतं, ते वस्ताद कधी बोलून दाखवत नसत, पण सगळ्यांना माहीत होतं: दुसऱ्याच्या पिनेला हात लावायचा नाही. डोळ्यांनी बघावं हवं तितकं. पाना लावायचा नाही. कारण काढलेली पिन परत घालता येत नाही. एकदा वाकवून सरळ केलेला पाय आतून तुटलेला असतो. नवीनच घालावी लागते, आणि नवीन घातली की गाडी आपली झाली.

धाकट्यानं पहिली पिन घातली तेव्हा तो बराच लहान होता, मिशी फुटायची होती. दादा खड्ड्यात उतरला होता, दिवा वर धरून त्यानं नट पाहिला होता, बराच वेळ. मग दादा वर आला, हात पुसले आणि म्हणाला, "चल, बस पुढं." आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. मागं बसायची काही गरज नव्हती, पहिल्या फेरीला मागं कुणी बसत नसतं. गाडी घाट उतरताना त्यानं मागं वळून पाहिलं तर दादा खिडकीला डोकं टेकवून झोपलेला. तो खरंच झोपला होता की झोपल्यासारखा बसला होता, हे त्यानं कधी विचारलं नाही. पण त्या उतारावरचं ते ऊन, खिडकीच्या काचेचा खडखडाट आणि मागं झोपलेला दादा, एवढ्यावर त्याचा पुढचा सगळा जन्म उभा राहिला होता. त्यानंतर कधी कुणी त्याला विचारलं, की तुला हे काम येतं का, तर त्याच्या मनात आधी ती झोप यायची.

दुपारी दादानं उजव्या चाकाकडचा सांधा केला. पान्याची लय तीच होती. एकदा फक्त ती थांबली, बराच वेळ थांबली, आणि तो बॉनेटवरून खाली वाकून बघणार, तेवढ्यात पुन्हा सुरू झाली. ऊन दारातून आत सरकलं आणि परत बाहेर गेलं. दादा वर आला, घासलेट घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, आणि म्हणाला, "झालं. उद्या बाळ दाखवू," आणि गेला. रस्त्याच्या कडेनं जाणारी त्याची पाठ धाकट्यानं वळणापर्यंत पाहिली. वळणावर दादा बरोबर वळला. बरोबर वळला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं जो माणूस त्या वळणावर वळत होता, त्यानं आज वळणं ही आता बातमी झाली होती.

थोड्या वेळानं त्यानं दादाच्या घरी फोन लावला. वहिनीनं उचलला.

"पोचला का दादा?"

"पोचले. आत्ताच आले. का हो?"

"काही नाही. डबा विसरला होता, म्हणून."

"हो, ओट्यावरच होता." वहिनी थांबली. तिकडं नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. "तुम्हाला काही विचारायचं होतं का, भाऊजी?"

आता विचारायला हवं होतं. ती विचारा म्हणत होती. नळ बंद करून, आवाज खाली आणून, दाराकडं बघत ती बहुधा हेच म्हणत होती. पण दादाविषयी दादाच्या पाठीमागं बोलायचं, ही गोष्ट त्याला कधी जमली नव्हती. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. "नाही, काही नाही," तो म्हणाला. "उद्या भेटतोच आहे तो." "बरं," वहिनी म्हणाली, आणि तिनं लगेच फोन ठेवला नाही, आणि त्यानंही नाही. मग दोघांनी एकदमच ठेवला.

माणसाला विचारायचं ते मग त्यानं नटाला विचारायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं असंही नाही. तो दिवे बंद करायला गेला आणि खड्ड्यातला दिवा बंद करायला खाली उतरला, आणि खाली उतरल्यावर दिवा चालूच राहिला. वर म्हशीचं पोट होतं, तेलाचे थेंब धरलेलं, स्प्रिंगच्या पाट्यांच्या कडा ग्रीसनं माखलेल्या, आणि त्यात दोन्ही टोकांना नवे सांधे स्वच्छ चमकत होते, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात नवे दात बसवल्यासारखे. दोन्ही पिना जागेवर होत्या. एक पाय बोल्टाच्या टोकावर वर दुमडलेला, दुसरा खाली नटाला चिकटलेला, दादाची पद्धत. पाहायला गेलं तर सगळं ठीक होतं. डोळ्यांनी बघून झालं होतं. त्यानं मनात परवाची सकाळ आणली: डब्याच्या पिशव्या घेऊन चढणारी माणसं, वसाहतीच्या दवाखान्यातल्या त्या दोघी नर्स, ज्या पुढं बसून सगळा रस्ता भांडत जातात. त्यांना दादा कोण ते माहीत नव्हतं, पाहुणा कोण ते माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी, असं तो मनाशी म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. त्याला कळून घ्यायचं होतं. त्याला त्या वाक्याचा सोक्षमोक्ष लावायचा होता, डबा नसलेल्या हातातल्या डब्याचा, आणि तो लावायला त्याच्या हाताशी जगात एकच गोष्ट होती, पाना.

डावीकडची पिन त्यानं पकडीनं सरळ केली आणि ओढून काढली. पाना लावला. पाय खड्ड्याच्या भिंतीला टेकवले आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढलं. नट हलला. फार नाही. भोकासमोरून खाच जराशी सरकली, एवढाच. तो पाना धरून उभा राहिला. हलला. दादाच्या हाताखालचा नट हलला. आणि लगेच दुसरा विचार वर आला, की हलणारच. सगळं अंग टाकून ओढल्यावर कुठला नट हलत नाही? नट सैल होता म्हणून हलला, की घट्ट होता आणि आपण तो आणखी घट्ट केला? हे आता कशानं कळणार होतं? नट जिथं होता तिथं आता नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न आणि त्यानं दिलेलं उत्तर एकाच झटक्यात मिसळून गेले होते. नट मागं सोडायचा नसतो. सोडला तर पकड जाते. म्हणून पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत त्यानं तो आणखी आवळला. आता तो नट दादाचा नव्हता.

मग तो उजवीकडे गेला. इथंही पिन काढली, इथंही पाना लावला. पण आता त्याच्या हातांत मघाचं बळ नव्हतं, किंवा बळ होतं आणि ते त्यानं लावलं नाही. त्यानं पाना नुसता धरला, थोडासा ओढला, आरशात नको ते दिसेल म्हणून अर्धं तोंड बघावं तसा. नट हलला नाही. "घट्ट आहे," तो मोठ्यानं म्हणाला. खड्ड्यात त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. नवीन पिना घातल्या आणि त्यांचे पाय दादासारखे वाकवायला लागला. एक वर, एक खाली. स्वतःच्या पद्धतीनं वाकवले असते, दोन्ही पाय नटाच्या दोन कुशींना, तर ती नियम मोडल्याची उघड कबुली झाली असती, आणि कदाचित बरंही झालं असतं. पण त्यानं दादाची सही मारली. दोनदा मागं सरून दिवा धरून पाहिलं. हुबेहूब दिसत होतं. त्याला समाधान वाटलं, आणि कशाचं समाधान वाटतंय हे कळल्यावर त्यानं दिवा बंद केला.

सकाळी कुलूप त्यानंच आधी येऊन उघडलं होतं. दादा आला तो हातात डबा घेऊन. डबा त्यानं मुद्दाम जरा उंच धरलाय की काय, असं त्याला वाटलं. मग तो वाटण्यावरच चिडला. भोंगा सीटवर चढून बसला होता आणि इंजिनाला हाका मारत होता. धूर निघाला, काळा, मग राखाडी, मग नाहीसा झाला. भोंग्यानं चाकं पुरी वळवली, दादा नेहमीसारखा पुढं गेला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि उघड्या पडलेल्या सांध्याकडं पाहिलं. निघण्याआधी तो नेहमीच पाहायचा. पाहून म्हशीच्या नाकावर थाप मारायचा आणि पुढच्या सीटवर चढायचा. तो वाकून राहिला. नुसता पाहत होता. मग दुसऱ्या बाजूला गेला, तिथं वाकला. आणि तेव्हा, इंजिनाच्या त्या हुंकारात उभं राहून, धाकट्याला आठवलं की दादा डावखुरा आहे. जन्मभर शेजारी बसून जेवलेल्या, कोपराला कोपर लागतो म्हणून ज्याच्याशी लहानपणी भांडलेल्या माणसाचं डावखुरेपण तो काल विसरला होता. डाव्या हातातल्या पकडीनं वाकवलेला पाय एका अंगाला कलतो. काल रात्री त्यानं वाकवलेले पाय दुसऱ्या अंगाला कलले होते. इतकं थोडं, की जगात दोनच माणसांना दिसावं.

दादा सरळ उभा राहिला. म्हशीच्या नाकावर त्यानं थाप मारली नाही.

"चल, तू बस पुढं," तो म्हणाला.

"दादा, तू..."

"पिन ज्याची," दादा म्हणाला. चिडून नाही, पाठ असलेला पाढा म्हणावा तसं.

"अहो, तुम्ही नाही येत?" भोंगा वरून ओरडला. "भ्यालात की काय आज?"

"वजन वाढलंय माझं. म्हशीला झेपायचं नाही. जा घेऊन तिला, दमानं चढव."

त्या फेरीत काहीच झालं नाही. म्हैस चढली. वळणांवर चाक हलक्या हातानं फिरत होतं, भोंगा एका हातानं फिरवून दाखवत होता, "लोणी, नुसतं लोणी," म्हणत होता. वर वसाहतीपाशी दोन बायकांनी हात हलवला. उतरताना खालचं शहर दिसलं, छपरं, टाक्या, धूर, आणि त्यांचा गाळा कुठला ते त्यानं शोधायचा प्रयत्न केला. मागच्या सीटकडं त्यानं वळून पाहिलं नाही. गाडी छान चालतेय, याचा अर्थ काय, हे त्याला उलगडेना. त्याच्या आवळण्यामुळं छान चालतेय, की दादाच्या? सुरक्षित असलेली गाडी कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नव्हती. एखादा अपघात काहीतरी सांगतो. नीट उतरलेली बस काही सांगत नाही. एखाद्या वळणावर त्याच्या मनात आलं, काल पहिला झटका जरा हळू मारला असता तर. अगदी हळू, वाढवत वाढवत नेला असता, तर नट कुठल्या ताकदीला सुटतो ते हाताला कळलं असतं. हे त्याला काल सुचायला हवं होतं. काल तो घाईत होता. काल तो, खरं म्हणजे, भ्यालेला होता.

परत आल्यावर भोंगा चहाला गेला. दादा बाकावर बसला होता, कामाचा अंगरखा न घालता, घरच्या शर्टात. म्हशीचं तापलेलं इंजिन निवताना टिकटिकत होतं. धाकटा येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

"हलला का?" दादानं विचारलं.

वाटेत त्यानं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जुळवली होती. नाही म्हणायचं, तर दादा म्हणणार, मग ओढलंच नसशील. माहीत नाही म्हणायचं. ते तेवढं एकच खरं होतं, आणि तेच सगळ्यात खोटं ऐकू आलं असतं. हात तुझा, पाना तुझा, आणि माहीत नाही? मग त्या दोघी नर्स आठवल्या, पिशव्या घेऊन चढणारी माणसं आठवली. आणि आपण काल केलं ते अगदीच विनाकारण केलं नाही, असं कुणीतरी म्हणावं अशी एक हलकी, लाजिरवाणी इच्छा.

"हलला," तो म्हणाला. "थोडासा."

दादानं मान हलवली. तो रागावला नाही. "कुठला?"

"डाव्या चाकाकडचा."

दादा काहीतरी जुळवू लागला. ओठ जरासे हलत होते, जसे नटाचा आकार आठवताना हलत.

"डावा मी सकाळी केला," तो म्हणाला. "सकाळी मी चांगला असतो."

त्याला पहिल्यांदा वाक्य नीट ऐकूच आलं नाही. मग आलं. म्हणजे दादाला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. दादा स्वतःवर नजर ठेवून होता. दिवसाचे तुकडे पाडून, कुठला तुकडा भरवशाचा आणि कुठला नाही ते ओळखून, जोखमीचं काम त्या बऱ्या वेळेत बसवत आला होता. काल दुपारी पान्याची लय मध्ये थांबली होती ती त्यासाठी. थांबून, स्वतःला तपासून, मग पुढं. कुणाला न सांगता त्यानं स्वतःला चालतं ठेवलं होतं.

"आणि उजवा?" दादानं विचारलं.

"उजवा घट्ट होता."

"उजवा दुपारचा," दादा म्हणाला. "उजव्याची मला भीती होती. तो मी तीनतीनदा बघितला."

"दादा, ऐक." तो दादाकडे वळला. "उजव्याला मी ओढलंच नाही. नुसता पाना लावला. डाव्याला सगळं अंग टाकलं, म्हणून हलला तो. कुणाचाही हलला असता. माझाही."

"राहू दे रे."

"खरं सांगतोय."

"मघाशी नाही सांगितलंस, आणि आत्ता खरं सांगतोस होय?" दादा हसला. त्यानं मधल्या जागेवरून हात पुढं करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, लहानपणी रडायचा थांबत नसे तेव्हा ठेवायचा तसा. "समजूत काढू नको. तू बघितलंस ते बरंच केलंस. माणसं बसतात तिच्यात."

दादा समोर म्हशीकडं बघत होता. काहीतरी मांडलेलं त्याच्या डोक्यात मोडलं होतं आणि तो ते पुन्हा लावायला बघत होता, सकाळ इकडे, दुपार तिकडे, आणि ते लागत नव्हतं.

"मग मी चांगला असतो तरी कधी?" दादानं विचारलं, पाना कितीचा लागेल, असं विचारावं तसं, सरळ, उत्तर मिळणार याच्या खात्रीनं.